खाऱ्या पाण्यातले भाडेकरू

४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? फवारणीचा पंप पाठीवर घेऊन जिने चढू नकोस, असं मागच्या पत्रातही लिहिलं होतं. पण तू कसला ऐकतोस, पालथ्या घड्यावर पाणी. सूनबाईची डोकेदुखी थांबली का? तिला म्हणावं आधी चष्मा बदल, मग गोळ्या बदल. तुझ्या चिमणीचा पुढचा दात पडला की अजून लोंबतोच आहे? आणि आमचा बाळ? तुझ्या बापाला या थोरल्या बहिणीच्या नावाने दोन ओळी लिहायला काय झालंय? पूर्वी दर महिन्याला पत्र यायचं, ते थंडी सुरू झाल्यापासून बंद. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानेच भरते, हे त्याला ठाऊक आहे. मागे एकदा मी त्याला पंपासकट घराबाहेर काढलं होतं, ते तर नाही ना इतक्या वर्षांनी पुन्हा उकरून बसला? तू तेव्हा लहान होतास. त्याला सांग, ताई विसरली, तूही विसर.

इकडे मी बरी. तुझे काका बरे, फक्त आता त्यांनाही ऐकू येईनासं झालंय. त्यामुळे आमची भांडणं मिटली. कोण काय बोललं तेच कळत नाही.

आता तुझ्या टाकीचं. समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवायची म्हणतोस, वाचून खुर्चीतून पडायची राहिले. घरात मुंगी दिसली तर पंप काढणारं तुमचं खानदान! बापाने झुरळं-किडे मारायचा धंदा उभा केला, तू चालवतोस, आणि आता घरात जिवंत प्राणी पाळणार? बरं, पाळ. माझी पहिली टाकी मी लाँड्री बंद केली तेव्हा इस्त्रीच्या टेबलावर मांडली. मला कोणी शिकवलं नाही. मेलेल्या माशांनी शिकवलं. तुला फुकट सांगते.

पहिलं म्हणजे घाई नको. दगड, वाळू, खारं पाणी घाल आणि मासा न घालता टाकी तशीच चालू ठेव. पाण्याला वास येईल, तो जाईल, मग काचेवर तपकिरी शेवाळ येईल. तोवर हात बांधून बसायचं. दुसरं, मासे निवडायचे ते घरात भाडेकरू ठेवतो तसे. रंग बघून कोणी भाडेकरू ठेवतं का? आधी तोंड बघायचं. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो तो त्याला एक दिवस गिळणारच, त्यात त्याचा दोष नाही. मग कोण कुठल्या मजल्यावर राहतो ते बघायचं. कोणी वर पोहतो, कोणी मधे, कोणी वाळूत बीळ करून बसतो. तिघांचे मजले वेगळे असले की जिन्यात भांडण नाही. गरीब स्वभावाचे आधी सोडायचे आणि भांडखोर शेवटी. भांडखोर आधी गेला तर आख्खं घर आपल्या नावावर करून घेतो.

पण तू विचारलंस ते मला कळलं नाही. टाकी इतकी खाली ठेवायची की पलंगावर पडून दिसली पाहिजे? आणि टाकीच्या पंपाचा आवाज मुळीच नको? मेल्या, लोळत मासे बघणार? मोठा संस्थानिकच लागून गेलास!

उत्तर लवकर दे. टाकीचं माप कळव. बाळला म्हणावं, निदान सही तरी कर.

तुझी आत्या

१ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

माझी कंबर ठीक. सौ.चा चष्मा बदलला, डोकं दुखायचं थांबलं. चिमणीचा दात पडला, तो तिने काडेपेटीत ठेवलाय आणि येईल-जाईल त्याला उघडून दाखवते. बाबा ठीक. तू आणि काका जपून राहा.

टाकी मांडली. पलंगाच्या उंचीवरच मांडली. तू सांगितलंस तसं थांबलो, पण आत्या, हे काय आहे? काचेवर तपकिरी थर धरलाय, नाक पुसलेल्या रुमालासारखा. दगडावरून शेंबडासारख्या तारा लोंबतात. झाकण काढलं की कुजक्या फुलदाणीचा वास येतो. आणि काल दगडाच्या भोकातून एक किडा निघाला. बोटाएवढा लांब, गुलाबी, दोन्ही अंगाला पांढरे केस. हळूहळू बाहेर येतोय, येतोय, संपतच नाही! मी हॉटेलांच्या स्वयंपाकघरात फ्रीज सरकवतो, मागे झुरळं भिंतीवर एकावर एक बसलेली असतात, तरी डबा उघडून तिथेच जेवतो. पण हा किडा बघून मला जेवण गेलं नाही. चिमट्याने ओढून काढला आणि संडासात टाकला. मग दुसरा निघाला. मग तिसरा.

दुकानदार म्हणाला, सफाईवाले प्राणी घ्या. यादीत काय? गोगलगाई, खेकडे, कोळंबी, आणि हे असले किडे! मी आयुष्यभर जे सरपटतं ते मारून पोट भरतो, आणि आता तेच पैसे देऊन घरात आणू? आमच्या धंद्यातल्या कोणी ऐकलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी त्याला म्हटलं, एक काम कर, नुसते मासे दे. हळू पोहणारे, मोठे, लांबून दिसणारे. त्याने दोन नारिंगी जोकर मासे दिले, वाळूत बीळ करणारा एक लहान मासा दिला, त्याला गोबी म्हणतात, आणि एक लांब पंखांचा पट्ट्यापट्ट्यांचा दिला, त्याला सिंह मासा म्हणतात. फार संथ. जणू पडदाच वाऱ्यावर हलतोय. ‘सगळे एकत्र छान राहतात’ म्हणाला.

किडे सगळे मारायचं एखादं औषध तुला माहीत आहे का? माशाला न लागणारं?

उत्तर लवकर पाठव, पाण्याला वास फार आहे.

तुझा
ठोंब्या

१२ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

त्या दुकानदाराला माझ्यासमोर उभा कर. किळस मला किड्याची येत नाही, असल्या माणसाची येते. ‘सगळे एकत्र छान राहतात’ म्हणे! हो, राहतात ना, एक बाहेर आणि बाकीचे त्याच्या पोटात. अरे तो सिंह मासा संथ दिसतो, कारण त्याला धावायची गरजच नाही. पंख पसरून कोपऱ्यात गाठतो आणि तोंड उघडतो, झालं. हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. तुझे मासे संपले की तू पुन्हा त्याच्याच दारात जाणार, हेही ठाऊक असतं. आधी त्याला परत देऊन ये. हाताने धरू नकोस, त्याच्या काट्यात विष असतं. डब्यात घालून ने.

तो शेंबूड म्हणतोस तो येतो आणि जातो. नव्या टाकीला येतोच. पण त्याला खाणारा कोणी हवा ना? तू औषध मागतोस. ठोंब्या, तुझ्या घरी कोणी जेवल्यावर ताटं घासत नसेल तर काय करशील, भांड्यांवर औषध मारशील?

कान देऊन ऐक. काचेवरचं खरवडायला गोगलगाई. दुसऱ्या जातीची एक गोगलगाय असते, ती वाळूत गाडून घेते. मासा जेवताना काही खाली पडलं की वास काढत सोंड वर करते, जणू लग्नघराबाहेरचा आगंतुक. शंखात राहणारे लहान खेकडे कोपऱ्यातलं उष्टं वेचतात. त्यांना थोडे मोठे रिकामे शंख आणून टाक, नाहीतर घरासाठी गोगलगाईचा खून पाडतील. लाल अंगाची, पाठीवर पांढरा पट्टा असलेली कोळंबी असते, तशा दोन जोडीने घे. ती माशांच्या अंगावरची घाण टिपते, मासे रांग लावून तिच्यापुढे उभे राहतात. आणि तुझा तो केसाळ किडा सगळ्यांत गुणी. जिथे कोणाचा हात पोचत नाही तिथलं कुजकं तो खातो. फक्त बोट लावू नकोस, केस घुसतात आणि आग होते. त्याला मारलंस तर ती घाण तुझ्या नाकाशी येईल. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, पण किड्याशी तर मुळीच करू नये.

मलाही सुरुवातीला मळमळायचं. लाँड्रीत लोकांचे काय काय डाग धुतले मी, तुला सांगितलं तर आठवडाभर जेवणार नाहीस. नाक बंद करून हात घालायचा. हाताला नाक नसतं.

आता एक विचारते. ‘बाबा ठीक’ म्हणजे काय? चिमणीच्या एका दाताला तू काडेपेटीसकट ओळ दिलीस आणि बापाला दोन शब्द? ‘ठीक’ म्हणजे झाकण. मी लाँड्रीवाली आहे, झाकलेला डाग मला आधी दिसतो. खरं काय ते लिही. आणि लगेच लिही.

तुझी आत्या

३ एप्रिल

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

सिंह मासा परत केला. पण उशीर झाला होता. एक जोकर त्याने गिळला होता, शेपटी दुपारपर्यंत तोंडाबाहेर दिसत होती. दुकानदार हसून म्हणाला, ‘असं होतं कधी कधी.’ मी डबा त्याच्या टेबलावर ठेवून निघालो. दुसऱ्या दुकानातून तू सांगितलेले सगळे आणले. गोगलगाई, खेकडे, रिकामे शंख, दोन कोळंब्या. किडे ठेवले.

आता झाकण काढतो.

थंडीत बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं. बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी कागद-पेन घेऊन बसलो, म्हटलं आत्याला कळवतो. त्यांनी डाव्या हाताने पेन हिसकावून फेकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तू त्यांना असं बघावंस, हे त्यांना नको होतं. म्हणून ‘ठीक’ लिहिलं. टाकी त्यांच्यासाठीच आहे. मागच्या खोलीत दिवसभर छताकडे बघत पडलेले असतात. दवाखान्यातली बाई म्हणाली, हलणारं काहीतरी नजरेसमोर ठेवा.

आत्या, बाबा कसे होते तुला माहीत आहे. शर्टाच्या कॉलरला रेघ दिसली तर दुसरा शर्ट. त्यांच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आता लाळ गळते. भरवलेलं अर्धं बाहेर येतं, हनुवटीवरून मानेत जातं. चादर ओली होते. मी ती बदलतो. आणि कोणाला सांगितलं नाही ते तुला लिहितो. मला किळस येते. झुरळांची कधी आली नाही, बापाची येते. श्वास धरून पुसतो आणि मग मोरीत जाऊन ओकतो. त्यांना ते ऐकू जात असेल.

तरी रोज दुपारी दोन कामांच्या मधे मी धावत घरी येतो, कारण सौ. कामावर असते. शेजारच्या आजी त्यांच्याजवळ बसतात, पण भरवायचं मलाच. मी घास पुढे केला की ते तोंड मिटतात. माझा हात ढकलतात. संध्याकाळी सौ.च्या हातून मात्र गुमान खातात. म्हणजे दिवसातून एकदाच जेवतात. गालांची हाडं वर आलीत. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

एक गोष्ट मात्र झाली. उरलेला जोकर मासा झुरून मेला. सकाळी पाहतो तर केसाळ किडे त्याच्या पोटात शिरलेले, खेकडा डोळा उपटतोय, गोगलगाई सोंडा वर करून चहूकडून निघालेल्या. चिमणीने डोळे झाकले. आणि पलंगावरून आवाज आला, ‘शी!’ बाबा बोलले, आत्या! इतक्या महिन्यांत पहिला शब्द, आणि तो ‘शी’! चिमणी घरभर नाचली, ‘आजोबा शी म्हणाले, आजोबा शी म्हणाले!’ बाबांनी संध्याकाळपर्यंत टाकीवरून नजर हलवली नाही. मेलेला मासा काढू दिला नाही. काटा उरेपर्यंत बघत होते.

रागावू नकोस. लवकर उत्तर दे, मला काही सुचत नाही.

तुझा
ठोंब्या

१० एप्रिल

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या काकांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, ऐकू येत नाही मला, दिसतं अजून.

रागावले. पण तुझ्यावर नाही, बाळवर. माझ्यापासून काय लपवायचं होतं? त्याचे लंगोट मी धुतलेत. आत्ता पिशवी भरून निघाले असते. पण त्याने पेन फेकलं म्हणतोस. नको असताना दारात उभी राहिले तर तो माझ्या हातूनही तोंड मिटेल. म्हणून थांबते. जीव मात्र तिकडेच आहे.

किळस येते म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. ज्याला किळस येत नाही तो एकतर देव, नाहीतर त्याला सर्दी झालेली. ओकून आलास आणि परत घास घेऊन बसलास ना? मग झालं.

तुझ्या हातून का खात नाही, ते मला वाटतं असं. बापाला मुलासमोर तोंडातून सांडायला लाज वाटत असेल. सून परक्या घरची, तिच्यापुढे एक वेळ चालतं. पण ज्याला आपण दम देऊन वाढवलं त्याने आपली हनुवटी पुसायची? तर असं कर. त्याच्याकडे बघू नकोस. शेजारी बसून तूही जेव, दोघं टाकीकडे तोंड करून. घास आडून पुढे कर. मासा खातोय, खेकडा सांडतोय, आपणही सांडू, अशी तऱ्हा ठेव.

एकेक मासा घाल, आणि आता शांत स्वभावाचेच. जोकरची जोडी आण. कोळंब्यांना जप. तो रोज कोणाकडे बघतो ते मला लिही. किड्यांकडेच बघत असणार, धंद्याची नजर आहे.

खुशाली लगेच धाड.

तुझी आत्या

२ मे

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तू म्हणालीस तसं केलं. शेजारी बसून जेवलो, त्यांच्याकडे बघितलं नाही. घास पुढे केला, त्यांनी डाव्या हातातल्या चमच्याने माझ्या मनगटावर फटका मारला. रागाने मारला, आत्या. आणि म्हणाले, ‘शी!’

आता रोज तसंच होतं. मी नुसता खोलीत आलो तरी धुसफुस सुरू. घासच नाही, माशांना खायला घालायला मी टाकीत हात घातला की पलंगाची कड चमच्याने बडवतात, ‘शी, शी, शी’. एकदा भांडं हवं असेल म्हणून भांडं लावलं, तर ते लाथाडलं. एकदा पाणी दिलं, ते अंगावर उडवलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘बापाचा जीव मुलावरून उठलाय.’ सौ. म्हणते, तसं नाही. पण तिच्या हातून खातात, तिला काय जातंय म्हणायला?

टाकीसुद्धा माझ्या हाताला यश देईना. दोन्ही कोळंब्या मेल्या. परवा दुपारी घरी येऊन खायला घातलं, थोड्या वेळाने पाहतो तर दोघी उताण्या, पाय थरथर हलतायत, मिशा वेड्यावाकड्या. संध्याकाळपर्यंत खलास. मग खेकडे शंखातून गळून बाहेर पडले, नागडे, लिबलिबीत, आणि तसेच मेले. गोबी आणि जोकरची नवी जोडी मात्र जिवंत आहेत, जरा सुस्त. किडेही जिवंत. ते उरलेल्यांची मेजवानी करतायत. पाण्यावर फेस आलाय, वास असा की चिमणी नाक धरून दारातूनच परत जाते. बाबांनी कोळंब्यांना उताणं बघितलं तेव्हा ओरडले. शब्द नव्हता. नुसता आवाज. आणि डोळ्यांत पाणी. मग माझ्या हाताकडे बघून पुन्हा तेच, ‘शी’.

मला कळलं, आत्या. मला त्यांची किळस येते हे त्यांना कळलंय, आणि आता त्यांना माझी येते. फिट्टंफाट.

एक संस्था बघून आलोय. खाटा ओळीत लावलेल्या, फरशीवर फिनेलचा वास, त्याखालून दुसरा वास. भरवणारी माणसं पगारी आहेत, पोटची नाहीत, म्हणजे कदाचित त्यांच्या हातून जेवतील. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला न्यायचं ठरवलंय. टाकी देऊन टाकतो. मला खारं पाणी नको आणि किडेही नकोत. वीट आलाय.

तुला काय म्हणायचं ते लवकर लिही. नंतर मला ते वाचायचा धीर होणार नाही.

ठोंब्या

६ मे

ठोंब्या,

थांब. संस्थेला नाही म्हणून कळव. हे पत्र मी टपालात टाकत नाही, कुरियरवाल्याच्या हातात देते.

मागच्या पत्रातलं माझं शहाणपण चुलीत घाल. लाज नाही, काही नाही. मी चुकले. तुझ्या पत्रातलं एक वाक्य वाचलं आणि डोळ्यांपुढे माझी जुनी टाकी आली. कोळंब्या उताण्या, पाय थरथर हलतायत. अरे, झुरळ कसं मरतं? तू रोज बघतोस ना? काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तुला सांगते बाळला मी पंपासकट का हाकललं होतं. तो माझ्याकडे राहायला आला होता. माझ्या स्वयंपाकघरात एक झुरळ दिसलं. मी बाजारात गेले, तेवढ्यात पठ्ठ्याने बहिणीवर उपकार म्हणून सगळं घर फवारलं. आले तर टाकीतल्या माझ्या कोळंब्या उताण्या. शेवटची मरेपर्यंत तो टाकीसमोर गुडघ्यावर बसून होता. मासे जगले होते, कोळंब्या आणि खेकडे तेवढे गेले. झुरळाचं औषध कोळंबीला लागतं, दोघं एकाच कुळातले. आम्हाला दोघांनाही ते माहीत नव्हतं. त्या दिवशी त्याला कळलं, आणि तो कधी विसरला नाही. मीच विसरले बघ.

आता तू सांग. दुपारी दोन कामांच्या मधे धावत येतोस. कपडे कोणते असतात अंगावर? हात कुठे धुतोस? की नळाखाली नुसते बुचकळतोस आणि घास कालवतोस, कारण बाप उपाशी आहे आणि पुढचं काम वाट बघतंय?

तुझ्या धंद्याचा पहिला नियम कोणाचा? त्याचाच. तुला आठवत नसेल, मला आठवतं. तू रांगायचास. बाळ कामावरून आला की तू दोन्ही हात वर करून दारात रडत यायचास, मला घे, मला घे. आणि तो काय करायचा? दोन्ही हात वर धरून, तुला शिवू न देता, तुझ्या बाजूने निघून जायचा. मागच्या नळावर कपडे काढायचा, कोपरापर्यंत साबण लावायचा, पुन्हा लावायचा, मग येऊन तुला उचलायचा. तुझी आई म्हणायची, ‘पोर रडून निळं झालं, घ्या की आधी!’ तो म्हणायचा, ‘फवारणीचे हात घरात आणायचे नाहीत.’

त्याला तुझी किळस नाही, वेड्या. तुझ्या बाहीची आहे. तो कोळंब्या वाचवत होता. तुलाही वाचवत होता, दिवसभर तेच हात घेऊन तू जेवतोस. फ्रीजमागे डबा उघडतो म्हणून वर मला फुशारकीने लिहितोस! वाचा गेलेल्या माणसाकडे एकच शब्द उरला होता. तो बिचारा चमचा आपटून तेच सांगत होता आणि आपण दोघं आपापली लाज त्याच्या तोंडी घालत बसलो.

पाणी थोडं थोडं करून बदल. गाळणीत टाकीसाठी मिळणाऱ्या कोळशाची पिशवी घाल, कोळसा विष ओढतो. नवे प्राणी इतक्यात आणू नकोस. आणि उद्या दुपारी, आधी साबण. मग बाप.

काय झालं ते ताबडतोब लिही. रात्रंदिवस दाराकडे कान लावून बसेन, जेवढे उरलेत तेवढे.

आत्या

१ जून

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

उशीर झाला, बाबा सावरल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. काका कसे आहेत? तुझे गुडघे? इकडे सौ. बरी, चिमणीचा दुसरा दात हलतोय, काडेपेटी तयार आहे. आणि बाबांचं आता सगळं लिहितो.

पत्र आलं त्या दुपारी मी कामाचे कपडे बाहेरच्या नळावर काढले. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘अगं बाई, याला काय झालं!’ आणि तोंड फिरवलं. कोपरापर्यंत साबण लावला. पुन्हा लावला. नखांत ब्रश घातला. मग धुतलेला सदरा घालून, दोन्ही हात वर धरून मागच्या खोलीत गेलो. तू लिहिलंस तसे. ‘तुला आठवत नसेल’ म्हणालीस, पण हात वर केल्यावर काहीतरी आठवलं.

बाबा बघत राहिले. मी पलंगाशी बसलो आणि तळहात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरून जवळ ओढलं आणि वास घेतला. आधी तळव्याचा. मग पालथ्या बाजूचा. मग बाहीचा. शाळेत नखं तपासायचे ना, तसा. बराच वेळ घेतला. मग तोंड उघडलं.

अर्धं सांडलं. मी पुसलं. मला किळस आली, आत्या. अजूनही येते, खोटं कशाला लिहू. पण मोरीत गेलो नाही. दुसरा घास घेतला. त्यांनी तोही खाल्ला, आणि माझ्या सदऱ्यावर भात उडाला तेव्हा म्हणाले, ‘शी.’ या खेपेला ते स्वतःला म्हणाले. आणि डावा ओठ हसला.

संस्थेला नाही कळवलं. नळीचं डॉक्टर आता बोलत नाहीत. टाकीचं पाणी निवळलं. किडे धष्टपुष्ट आहेत. त्यातला एक तर आता कामाच्या वेळा पाळतो. दिवा मालवला की दगडाच्या त्याच भोकातून निघतो, आणि बाबा चिमणीला चमच्याने दाखवतात. गोगलगाईंपैकी दोन वाचल्या. जोकरची जोडी कोपरा धरून आहे. नव्या कोळंब्या आणू का विचारलं तर बाबांनी नको म्हणून मान हलवली आणि पेन मागितलं. हो, पेन. डाव्या हाताने लिहायला त्यांना आख्खी सकाळ लागली, मधे दोनदा कागद लाळेने भिजला आणि दोनदा त्यांनी तो फेकून नवा मागितला. तिसऱ्यांदा भिजला तेव्हा म्हणाले, असू दे. म्हणजे म्हणाले नाहीत, पण तसा हात केला. तो कागद तसाच सोबत जोडतोय. डाग बघून तू ओळखशीलच.

तुझा
ठोंब्या

ताई
ये
खाताना सांडतं
बघवलं तर बस
दोन कोळंब्या आण
फवारणार नाही
उत्तर लगेच
नाहीतर शी

बाळ